किमचीतली मिरची आणि अंजनगावची पिंपळी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीच्या एका मुलीच्या डब्यातून लालभडक रश्शातल्या शेवया निघाल्या. पाकीट कोरियन होते. परतवाड्याच्या किराणा दुकानांतून अशी पाकिटे आता टांगलेली दिसतात आणि मोबाइलवर कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलींना त्या देशातल्या पदार्थांची नावे आपल्या चटण्यांच्या नावांइतकी पाठ असतात. भोवती पाचसहा जणी नाक पुसत, पाणी पीत, तरीही पुन्हा पुन्हा हात पुढे करत होत्या. आम्हालाही एकेक घास मिळाला. आम्ही म्हणजे एक इतिहास शिकवणारा आणि एक विज्ञान शिकवणारी. घास चांगलाच झोंबला.

आमच्यातल्या इतिहासवाल्याला स्फुरण चढले. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथात अशी कथा आहे की 'आयुता' नावाच्या देशाची राजकन्या समुद्रमार्गे कोरियात आली आणि राणी झाली. हे आयुता म्हणजे अयोध्या, असे अनेकजण मानतात. त्याने ती कथा रंगवून सांगितली आणि शेवटी जोडून दिले, की मिरची आपलीच, तेव्हा त्या राणीबरोबरच ती तिकडे गेली असणार. डब्याच्या मालकिणीने शेवया गिळल्या आणि विचारले, "सर, हे कुठी लिहेल हाये?"

कुठेच लिहिलेले नव्हते. राणीची कथा ग्रंथात आहे, मिरची नाही. वर्गासमोर तोंडघशी पडल्यावर दोनच मार्ग उरतात. आम्ही शोधण्याचा मार्ग घेतला आणि त्यात तीन महिने कसे गेले ते कळले नाही.

सुरुवात घरापासून केली. परतवाड्याला लागून असलेले अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेले आणि अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आले. एलिचपूर मोठे शहर आहे, राजधानी आहे, अशी नोंद त्यात सापडते. याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याचा तपशील आहे. कोणत्या पदार्थाला किती मांस, किती तूप, किती आले, किती मिरे, सारे वजनासह. धान्ये, भाज्या, मसाले यांचे भावही आहेत. त्यात मिरची नाही. इतक्या बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या माणसाने ती विसरून सोडली असेल, हे पटण्यासारखे नाही. तेव्हाच्या एलिचपूरच्या घराघरांत काय शिजत होते हे या एका ग्रंथावरून ठरवता येणार नाही. पण बादशहाच्या स्वयंपाकघरापर्यंत मिरची पोचलेली नव्हती, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता तोच काळ कोरियात पाहू. १५९२ मध्ये जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. हे युद्ध १५९८ पर्यंत चालले आणि देश होरपळून निघाला. त्यानंतर १६१४ मध्ये ई सू-ग्वांग या विद्वान अधिकाऱ्याने 'जिबोंग युसोल' नावाचा ज्ञानकोशासारखा ग्रंथ लिहिला. कोरियातील मिरचीची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद म्हणून या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. तो तिला 'दक्षिणी रानट्यांचा तिखट मसाला' म्हणतो. दक्षिणी रानटी म्हणजे समुद्रावरून आलेले पोर्तुगीज. ती जपानातून आली म्हणून लोक तिला जपानी मोहरी म्हणतात, असेही तो सांगतो. ती फार विषारी असते आणि दारूच्या गुत्त्यांत ती दारूत घालतात, ती पिऊन पुष्कळ लोक मेले, अशी भरही त्याने घातली आहे. ज्या देशाच्या जेवणाची आज मिरचीवाचून कल्पना करता येत नाही, त्या देशात मिरचीचे स्वागत असे झाले!

गंमत पुढेच आहे. कोरियन ग्रंथ सांगतो की मिरची जपानातून आली, तर १७०९ मधला जपानी वनस्पतिग्रंथ सांगतो की ती कोरियातून आली. दोन शेजारी एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवतात. इतिहासाच्या वर्गात हा नमुना अवश्य सांगावा. दोन्ही कागद जुने, दोन्ही लेखक प्रामाणिक, आणि दोघांचेही एकाच वेळी खरे असणे कठीण.

मूळ गाव मात्र दोन्ही दारांपासून फार दूर आहे. मिरचीच्या कॅप्सिकम या प्रजातीतल्या सगळ्या रानटी जाती फक्त अमेरिका खंडांत आढळतात. मेक्सिकोत माणसाने हजारो वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आणली. कोलंबस १४९२ मध्ये निघाला होता मिऱ्यांच्या शोधात आणि त्याला सापडली मिरची. स्पॅनिश लोकांनी मिऱ्याला असलेल्या 'पिमिएंता' या शब्दात जरासा फरक करून तिला 'पिमिएंतो' म्हटले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५४३ मध्ये ते जपानला पोचले. त्यांच्या जहाजांच्या वाटेवर पन्नाससाठ वर्षांत ही वनस्पती पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा घालून गेली.

नावाची ही युक्ती स्पॅनिश लोकांनीच केली असे नाही. संस्कृतातले मरीच म्हणजे काळे मिरे. त्यावरून आपले मिरे आणि त्याच्याच पोटातून आलेली 'मिरची'. कोरियन भाषेत मिरचीला 'गोचू' म्हणतात. हा शब्द जुन्या 'गोचो'पासून आला, आणि त्यातला 'चो' हा तिखट मसाल्यांसाठी चीनमध्ये कित्येक शतके वापरात असलेला शब्द आहे. काळ्या मिऱ्याच्या कोरियन नावातही तोच आहे. नवा पाहुणा आला की त्याला जुन्या ओळखीच्या माणसाचे आडनाव लावून टाकायचे, हे तिन्ही भाषांनी वेगवेगळे केले. त्यामुळेच मागाहून घोटाळे होतात. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथात मरीच दिसले की आपल्याला वाटते मिरची सापडली. अलीकडे काही कोरियन संशोधकांनीही जुन्या ग्रंथांतल्या अशा शब्दांच्या आधारे, मिरची आमच्याकडे फार पूर्वीपासून होती असा दावा मांडला आहे. त्यांची आणि आमच्या इतिहासवाल्याची चूक एकाच जातीची आहे, असे आमचे मत. आपल्या ताटातली आवडती वस्तू चारशे वर्षांचीच आहे, हे कोणालाच मानवत नाही.

मग मिरची येण्यापूर्वी लोक तिखट खातच नव्हते काय?

कोरियाचे उत्तर एका बाईने लिहून ठेवले आहे. जांग ग्ये-ह्यांग (१५९८–१६८०) या गृहिणीने म्हातारपणी, १६७० च्या सुमारास, आपल्या मुली-सुनांसाठी पाककृतींची वही लिहिली. ती पंडितांच्या चिनी लिपीत नाही, साध्या कोरियन लिपीत आहे. मिरची देशात येऊन सत्तर-ऐंशी वर्षे झाली होती, तरी तिच्या वहीत मिरचीचा एक दाणाही नाही. तिखटासाठी आहेत मिरे, आले, मोहरी आणि चोपी. चोपी हे झँथॉक्झायलम प्रजातीतल्या एका काटेरी झुडपाचे फळ. आपल्या कोकणात आणि गोव्यात माशांच्या कालवणात पडणारे तिरफळ त्याच प्रजातीतले आहे. ज्यांनी तिरफळ चाखले आहे त्यांना जीभ भाजण्याऐवजी झिणझिण्या येणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. जुन्या कोरियन तिखटाची चव पाहायची असेल तर सोलला जायला नको, मालवणपर्यंत गेले तरी पुरे.

आपल्याकडचे उत्तर शोधायला तर आम्हाला जिल्हाही ओलांडावा लागला नाही. परतवाड्याहून पश्चिमेला अकोटच्या रस्त्याने निघाले की अंजनगाव सुर्जी लागते. या पट्ट्यात बारी समाजाचे पानमळे आहेत आणि त्यांच्या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या होणारे पानपिंपरीचे पीक आहे. ग्रंथांत जिला पिप्पली किंवा पिंपळी म्हणतात तीच ही, विड्याच्या पानाची आणि काळ्या मिऱ्याची सख्खी बहीण. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून आयुर्वेदातले त्रिकटू होते, म्हणजे तीन तिखटे. या त्रिकुटात मिरची नाही, ही गोष्ट आमच्या रोज डोळ्यांसमोर होती आणि तिचा अर्थ आम्ही कधी लावला नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही वीस मुलांना घेऊन एका मळ्यात गेलो. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सावलीत, आधाराला बिलगून वेल चढलेले, खाली ओल, बाहेरच्या उन्हाचा पत्ता नाही. तुतीच्या फळासारखी दिसणारी पण कडक, बोटाच्या पेराएवढी फळे तोडून वाळत घातलेली होती. मळ्याच्या मालकांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवले आणि म्हणाले, "मिरचीवाणी लगेच नाही लागत. थांबून लागते." तसेच झाले. आधी गोडसर, मग काहीच नाही, मग घशापर्यंत गरम. ज्या चवीला या देशाने शेकडो वर्षे तिखट म्हटले, ती चव आमच्यातल्या एकाही मुलाने त्याआधी घेतली नव्हती. पीक औषधाच्या बाजारात जाते. ते घरात कोण खाते, असे विचारल्यावर मालक नुसते हसले. पाणी, मजुरी आणि भाव यांचा मेळ बसत नाही, पोरे या कामात राहत नाहीत, हेही त्यांनी सांगितले.

याच पिंपळीचे पहिल्या शतकातल्या रोममधले भाव प्लिनीने नोंदवून ठेवले आहेत. एका रत्तलाला काळे मिरे ४ डिनारियस, पांढरे मिरे ७ आणि पिंपळी १५! युरोपीय भाषांतले 'पेपर' हे नावदेखील पिप्पलीवरून गेले, मरीचवरून नाही. मिरची आल्यावर हे सगळे वैभव उतरले. पिंपळीचा वेल सावली, ओल आणि आधार मागतो. मिरची अंगणातल्या फुटक्या मडक्यातही येते, आणि एका फळात बियाणेही भरपूर. गरिबाला फुकट मिळणारे तिखट एकदा हाती आल्यावर महागाचे तिखट वैद्याच्या बटव्यात गेले.

तीनही तिखटांचे रसायन वेगवेगळे आहे. मिरचीत कॅप्सायसिन, मिरे-पिंपळीत पायपरीन, चोपी-तिरफळाच्या वर्गात सॅनशूल. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या चेतातंतूंवरचा तो ग्राही शोधला, ज्याला कॅप्सायसिन चिकटते. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले तरी जागा होतो. म्हणून मिरची 'भाजते'. मेंदूच्या दृष्टीने ती चव नसून चटका आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पायपरीनही याच ग्राहीला जागे करते, पण त्याचा जोर पुष्कळ कमी. सॅनशूलचा मुख्य परिणाम मात्र स्पर्श जाणणाऱ्या तंतूंवर होतो, त्यामुळे झिणझिण्या.

आता किमचीकडे वळू, कारण मुलींच्या प्रश्नांची गाडी पुन्हापुन्हा तिथेच येत होती. खारवलेल्या भाज्या कोरियात फार जुन्या आहेत. ई ग्यू-बो (११६८–१२४१) या कवीच्या लेखनात मिठात मुरवलेल्या मुळ्याचा उल्लेख आहे. लाल रंग नंतरचा. किमचीत मिरची घालण्याची स्पष्ट कृती मिळते ती १७६६ च्या एका शेती-गृहव्यवस्थेच्या ग्रंथात, म्हणजे 'विषारी' म्हणून नोंद झाल्यानंतर दीडशे वर्षांनी. आणि ज्या लांबट, फिकट पानांच्या कोबीची किमची आपण मालिकांत पाहतो तो मूळचा चीनमधला. त्याची भरगच्च गड्ड्याची जात कोरियात सर्वत्र पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. जी किमची 'हजारो वर्षांची' म्हणून दाखवली जाते, ती मिरची आणि कोबी दोन्ही धरून पाहिली तर आपल्या पणजोबांच्या वयाची निघते.

या कोबीची गोष्ट एका माणसाशी बांधलेली आहे. ऊ जांग-चून १८९८ मध्ये जपानमध्ये जन्मले. वडील कोरियन, आई जपानी. वडील लहानपणीच मारले गेले आणि आईने हालअपेष्टांत वाढवले. ते वनस्पतींची पैदास करणारे शास्त्रज्ञ झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. जपानी उच्चारातल्या त्यांच्या नावावरून तो सिद्धान्त 'यू त्रिकोण' म्हणून ओळखला जातो. दहावीच्या वर्गात फळ्यावर दोन मिनिटांत मांडता येईल इतका तो सुबक आहे. काळ्या मोहरीच्या परागकणात ८ गुणसूत्रे, पत्ताकोबीच्या ९ आणि चिनी कोबीच्या १०. आपल्या फोडणीतली नेहमीची मोहरी, म्हणजे राई, हिची गुणसूत्रे १८. ही काळी मोहरी आणि चिनी कोबीची जात यांच्या संकरातून निसर्गात तयार झाली आहे. ८ आणि १० मिळून १८. याच हिशेबाने ८ आणि ९ मिळून १७ वाली इथिओपियाची मोहरी आणि ९ आणि १० मिळून १९ वाली गोभी सरसों. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे किमचीचा कोबी, शलगम आणि उत्तरेत तेलासाठी पेरतात तो तोरिया, या तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या. आपली पत्ताकोबी मात्र त्यांची चुलत. किमचीचा कोबी आपल्या मोहरीचा जनक लागतो, हे कळल्यावर मुलींना तो परका वाटेना.

१९५० मध्ये ऊ जांग-चून पत्नी आणि मुलांना जपानमध्ये ठेवून कोरियात गेले. देशाला कोबी-मुळ्याचे चांगले बियाणे हवे होते, आणि ते पोचल्यावर काही महिन्यांतच युद्ध पेटले. (या युद्धानंतर १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांचा ताबा सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते.) १९५३ मध्ये ऊ यांची आई जपानमध्ये वारली. त्यांना अंत्यविधीला जाऊ दिले गेले नाही. दुखवट्याचे म्हणून जे पैसे लोकांनी दिले त्यांतून त्यांनी संशोधन केंद्राच्या आवारात एक विहीर खोदली. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. कोरियात कोबी-मुळ्याचे बियाणे घरचेच तयार होऊ लागले, त्याचा पाया त्यांच्या कामाने घातला.

मार्चमध्ये आम्ही प्रयोगशाळेत किमची घातली. चिनी कोबी इथे मिळेना म्हणून पत्ताकोबी एक किलो, मीठ २५ ग्रॅम (हे तोलूनच घ्यावे, अंदाजाने नको), आले, लसूण, थोडी तांदळाची पेज आणि भिवापुरी मिरचीचे तिखट. कोरियन तिखट जाडसर आणि सौम्य असते, म्हणून भिवापुरी त्याच्या निम्मीच घातली आणि तीही जास्त झाली. दोन बरण्या केल्या. एक टेबलावर, एक शीतकपाटात. भाजी रसात बुडलेली राहील असे वर वजन ठेवले.

मिठामुळे पानांतले पाणी बाहेर येते आणि कुजवणारे बहुतेक जिवाणू मागे पडतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तग धरतात. ते आधीपासून पानांवर असतातच. सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू जोर करतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात. टेबलावरच्या बरणीतला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी दुधाळ झाली. निळा लिटमस तिसऱ्या दिवशी ठळक लाल. चौथ्या दिवशी बरणी इतकी आंबली की वास व्हरांड्यापर्यंत गेला. शीतकपाटातली बरणी मात्र तीन आठवडे सावकाश मुरत राहिली.

या दोन बरण्यांत दोन देशांचे हवामान दिसते. कोरियात नोव्हेंबरच्या सुमारास सारे घर, सारी आळी मिळून हिवाळ्याची किमची घालते. तिला किमजांग म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद आपल्या वारशाच्या यादीत केली. मातीच्या रांजणांत भरून ती जमिनीत पुरत. बाहेर बर्फ, आत गोठणबिंदूच्या जरा वर. त्यांचे शीतकपाट म्हणजे त्यांची जमीन. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ ला टेकतो. इथे खारवलेली भाजी टिकायची नाही, म्हणून आपण उन्हालाच कामाला लावले. पापड, सांडगे, कुरडया. पण आंबवणे आपण सोडलेले नाही. कुरडईचा गहू तीन दिवस पाण्यात ठेवतो तेव्हा त्याला येणारा आंबूस वास याच जिवाणूंच्या कुळाचा. वर्गातल्या एका मुलाच्या आजीला हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मंग त्यात नवीन काय हाये?"

जाता जाता सोयाबीनबद्दल एक खंत. लाल त्तोकबोक्कीचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वळ्यांच्या त्या रश्शाचा प्राण असतो गोचूजांग नावाचा लाल लगदा. त्यात मिरची असते, चिकट तांदूळ असतो आणि उकडून, आंबवून, वाळवलेल्या सोयाबीनची पूडही असते. परतवाड्याभोवतीच्या शिवारांत खरिपात सोयाबीनच सोयाबीन दिसते. आपण ते पिकवतो, तेल काढायला पाठवतो, पेंड कोंबड्यांना जाते. ज्या दाण्यावर पूर्वेकडच्या देशांनी आपले अर्धे स्वयंपाकघर उभे केले, त्याची एक साधी चटणीसुद्धा आपल्या घरात रुळलेली नाही.

त्तोकबोक्कीही आधी लाल नव्हती. जुनी सोयाबीनच्या काळ्या अर्कात शिजवत. लाल, झणझणीत रूप आले ते युद्धानंतरच्या, १९५० च्या दशकातल्या सोलच्या रस्त्यांवर. आणि ज्या शेवयांपासून हे सारे सुरू झाले त्या तर १९५८ मध्ये जपानमध्ये शोधल्या गेल्या आणि १९६३ पासून कोरियात बनू लागल्या.

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले, चूक कबूल करून. फळ्यावर तारखा मांडल्या आणि त्यांच्यासमोर, हे कुठे लिहिले आहे, त्याचा रकाना केला. डब्याच्या मालकिणीने तो वहीत उतरवून घेतला. मग शीतकपाटातली बरणी काढली. भाकरी मुलांनीच आणली होती. चौघांना किमची आवडली, सहांना मुळीच नाही, बाकीच्यांनी ठेचा मागितला. वाळलेल्या पिंपळ्या अजून प्रयोगशाळेच्या कपाटात एका बाटलीत आहेत.